‘तपासून आणा’ म्हणजे काय?



या आठवड्याच्या टपालातले एक पत्र काही केल्या हातातून खाली ठेववेना. तालुक्याच्या गावी राहणारी एक मैत्रीण. तिचा मुलगा तिसरीत आहे. बोलायला चुणचुणीत. आजोबांना बुद्धिबळात हरवतो, बंद पडलेली टॉर्च उघडून चालू करून दाखवतो, एकदा ऐकलेली गोष्ट आठ दिवसांनी जशीच्या तशी सांगतो. पण पुस्तक पुढे ठेवले की याच्या पोटात दुखते. वहीत बघावे तर काना हवा तिथे वेलांटी, आणि वेलांटी हवी तिथे काहीच नाही! मागच्या पंधरवड्यात वर्गशिक्षिकांनी तिला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘याला एकदा तपासून आणा. मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या.’’ घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या घरातलं कुणी अजून वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलेलं नाही.’’ मिस्टर म्हणाले, ‘‘चाचणी कसली? दोन रट्टे घाल, वाचायला लागेल.’’ आणि पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे, ‘‘ताई, माझा मुलगा मंद आहे का हो? की माझंच काही चुकलं?’’

असे हे पहिलेच पत्र नाही. शाळा सुरू होऊन सहामाही उलटली की अशी पत्रे येऊ लागतात. म्हणून आजचे सगळे पान याच विषयाला देते आहे.

आजोबांना बुद्धिबळात हरवणारे पोर मंद नसते, हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही, तुम्हीआम्हीही सांगू शकतो. प्रश्न वेगळाच आहे. इतक्या चलाख मुलाला वाचता का येत नाही? गाडी नेमकी कुठे अडते? चाचणी असते ती हे शोधायला.

ही अडचणही काही आजची नव्हे, बरं का. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. मुलगा तल्लख, खेळात कुणाच्या मागे नाही, गणिते सोडवणारा. पण साधे साधे शब्द वाचता येईनात, स्वतःचे नावसुद्धा चुकवायचा. त्याच्या शिक्षकांचे मत असे, की सगळे शिकवणे तोंडी असते तर हा पोरगा शाळेत पहिला आला असता! आपल्याकडे ही गोष्ट घराघरांत पोचली ती २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा. सिनेमातल्या मास्तरांनी वह्या चाळून ओळखले. प्रत्यक्षात मात्र नुसत्या वह्या चाळून भागत नाही.

बुद्धिमापनाची चाचणी प्रथम तयार झाली ती १९०५ साली पॅरिसमध्ये. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी ती केली, आणि कशासाठी? तर शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत कुणाला हवी ते कळावे म्हणून. पुढे धारवाडच्या डॉ. कामतांनी तीच चाचणी आपल्या मराठी आणि कानडी मुलांना लागू पडेल अशी घडवली. १९६९ साली नागपूरच्या डॉ. मालिन यांनी सहा ते पंधरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी दुसरी एक चाचणी तयार केली. अजूनही तुम्ही दवाखान्यात गेलात तर ‘बिने-कामत’ आणि ‘मालिन’ ही नावे ऐकाल. चाचण्या जुन्या झाल्या, त्यांतले काही प्रश्नही जुने झाले, अशी तक्रार जाणकार करतात आणि ती रास्त आहे; नव्या चाचण्याही आल्या आहेत. पण सांगायचा मुद्दा हा, की सासूबाई म्हणतात तसले हे काही परके, भलतेच खूळ नाही. आपल्याच धारवाड-नागपूरकडे या चाचण्या आपल्या मुलांसाठी घडवल्या गेल्या.

आता जाण्यापूर्वीची दोन कामे. पहिले, डोळे तपासून घ्या. दुसरे, कान. कानाची तपासणी कुणीच मनावर घेत नाही. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून राहते, मूल बहिरे होत नाही, पण ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक त्याला धड ऐकू येत नाही. जे ऐकूच आले नाही ते लिहिणार कसे? ही तपासणी आधी झाली नसेल तर चांगला मानसशास्त्रज्ञ तुम्हाला दारातूनच परत पाठवील. राग मानू नका, तो योग्य माणूस आहे असे समजा.

वयाचेही भान ठेवा. पहिलीतल्या मुलाने ‘ध’ला ‘घ’ केले, ‘भ’ला ‘म’ केले, आकडे उलटे काढले, तर घाबरून धावू नका. त्या वयात बहुतेक मुले असे करतात. वाचन-लेखनाची अडचण पक्की ठरवायची ती साधारण आठ वर्षे पुरी झाल्यावर, म्हणजे तिसरीच्या सुमारास. मदत मात्र त्याआधीही करता येते. त्याला कुणाच्या कागदाची गरज नाही.

चाचणी होते कशी? एका बैठकीत सगळे आटपत नाही. दोन-तीन वेळा जावे लागते, दर वेळी तासभर, कधी जास्त. मूल आत बसते, आपण बाहेर. सुई नाही, औषध नाही, डोक्याला वायरी लावत नाहीत. (हे सासूबाईंना आवर्जून सांगा!) बुद्धिमापनाच्या भागात काही प्रश्न तोंडी असतात: दोन वस्तूंत सारखे काय, अमुक शब्दाचा अर्थ काय, आकडे ऐकून तसेच म्हण, मग उलटे म्हण. काही कामे हाताची असतात: ठोकळे जुळवून आकृती करायची, चित्रात काय राहिले ते शोधायचे. हाताच्या कामांत वाचावे लागत नाही, आणि तिथेच खरी गंमत होते. वर्गात ‘ढ’ ठरलेले मूल तिथे भराभर ठोकळे जुळवून मोकळे होते.

दुसरा भाग अभ्यासाचा. वाचून घेतात, शुद्धलेखन घालतात, उतारा समजला का विचारतात, गणिते देतात. यात किती चुका झाल्या यापेक्षा कसल्या चुका झाल्या ते पाहतात. ‘कारखाना’ हा शब्द मुलाने ‘कागद’ वाचला तर पहिले अक्षर पाहून पुढचे त्याने अंदाजाने ठोकून दिले. ‘करखन’ वाचला तर अक्षरे येतात, काना हातून सुटतो. दोघांनाही शून्य मार्क, पण दोघांना शिकवायचे वेगवेगळे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा फरक कुठे दिसतो?

आपल्या मराठीत आणखी एक खुबी आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. मोठ्यांना सवयीने काही वाटत नाही, पण काही मुले ऐकल्या क्रमाने लिहितात आणि ७४ करून ठेवतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतो ना? चेष्टा पुष्कळ झाली. मला मात्र तेव्हाही ती सूचना अगदीच टाकाऊ वाटली नव्हती. त्यातून मूल इंग्रजी माध्यमात असेल तर शाळेत ‘फॉर्टी सेव्हन’, घरी ‘सत्तेचाळीस’. दोन्हींकडून ओढाताण!

म्हणूनच भाषेचा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. चाचणी कुठल्या भाषेत घेणार? मूल इंग्रजी शाळेत जाते, पण घरात, वाड्यात, बाजारात इंग्रजीचा वारा नाही, अशा मुलाचे इंग्रजी वाचन कच्चे असले तर तो दोष सरावाचाही असू शकतो. खरी अडचण असली तर ती बहुधा दोन्ही भाषांत कुठे ना कुठे डोकावते. मराठीतून वाचन तपासण्याची साधने आता आहेत. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ नावाचा चाचण्यांचा संच काढला. त्यात शिक्षकांनी वर्गातच प्राथमिक पाहणी करण्याचीही सोय आहे. तुमच्या शाळेत पालक-शिक्षक सभा होत असेल तर तिथे हे नाव जरूर काढा.

आता तुमच्या पाळीकडे येते. मुलाबरोबर आईचीही मुलाखत होते. दिवस गेले असताना काही त्रास झाला का, बाळंतपण कसे झाले, मूल लगेच रडले का, चालायला बोलायला कधी लागले, ताप डोक्यात गेला होता का. प्रश्न ऐकताना बाईचा चेहरा उतरतो. वाटते, आता सगळे माझ्यावर येणार. हे प्रश्न चौकशीसमितीचे नव्हेत. डॉक्टर खोकल्याला औषध देताना ‘घरात कुणाला दमा आहे का’ विचारतात, तसेच हे. खरे ते सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि सासूबाई किंवा नणंद सोबत आल्या असतील, त्यांच्यासमोर बोलणे अवघड वाटत असेल, तर ‘मला एकटीला पाच मिनिटे बोलायचे आहे’ असे म्हणायला संकोचू नका.

घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, हेही विचारतात. इथे कित्येक घरांत एकदम शांतता पसरते. कुणाचा तरी धाकटा काका उत्तम वायरमन असतो, पण बँकेचा फॉर्म भरायची वेळ आली की चष्मा घरी राहिला म्हणतो. कुणाचे वडील वर्तमानपत्र नुसते चाळतात, आणि बातमी विचारली तर टीव्हीवरची सांगतात. वाचनाची ही अडचण घराण्यात उतरते, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. ती ना लाडाने येते, ना आईच्या नोकरीने, ना गरोदरपणात ग्रहण पाहिल्याने. तेव्हा ‘माझं काही चुकलं का’ या प्रश्नाचे उत्तर, नाही. आणखी एक सुचवते. रट्टे घालायला निघालेल्या मिस्टरांना त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांबद्दल एकदा निवांतपणी विचारा. भांडणाच्या सुरात नको, रात्री जेवणे झाल्यावर. कधी कधी विरोध इतका कडवा का, याचे उत्तर तिथेच सापडते. त्यांनीही कधीकाळी असेच रट्टे खाल्लेले असतात.

अहवाल हाती आला की आपली नजर आधी बुद्ध्यंकाच्या आकड्यावर जाते. शेजारणीच्या मुलाचा किती आणि आपल्याचा किती! असे करू नका. शंभर हा सरासरीचा आकडा. दर तीन मुलांतली साधारण दोन ८५ ते ११५ यांच्या मध्ये येतात. चार-पाच गुणांचा फरक तर त्या दिवशी मूल झोपाळलेले होते यानेही पडतो. पाहायचे ते त्या आकड्याखालचे. समजा, ठोकळ्यांच्या कामात मूल वयाच्या पुढे आहे आणि आकडे ऐकून म्हणण्यात बरेच मागे. म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरातून एका दमात ‘दप्तर जागेवर ठेव, हात धू, देवाला नमस्कार कर आणि पाढे म्हणायला बस’ असे ओरडता, तेव्हा त्यातले पहिले आणि शेवटचेच त्याच्या डोक्यात राहते. त्याला तुम्ही ‘ऐकतच नाही’ म्हणत होतात. आता एकेक काम सांगून बघा.

सगळ्याच अहवालांत ‘अध्ययन अक्षमता’ निघते असे नाही. कधी लक्ष टिकत नाही असे निघते, कधी मन धास्तावलेले आहे असे. कधी मूल सगळ्याच विषयांत, सगळ्याच कामांत वयाच्या थोडे मागे असते. अशांना मंदगतीने शिकणारी मुले म्हणतात. या मुलांची मला सर्वांत काळजी वाटते, कारण त्यांना धड इकडची सवलत मिळत नाही, धड तिकडची. त्यांच्या आयांनी सवलतीच्या मागे धावण्यापेक्षा अभ्यासाचे तुकडे लहान करावेत, आणि वर्गातल्या नंबराची गोष्ट घरात काढूच नये.

अध्ययन अक्षमता निघाली तर कायदा तुमच्या बाजूला आहे. महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ साली सुरुवात केली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात या अडचणीचे नावच घातले गेले. परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणे, अशा प्रकारच्या या सवलती असतात. पण त्यासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. खाजगी तज्ज्ञाचा अहवाल कितीही जाडजूड असला तरी बोर्डाला तेवढा पुरत नाही. मुंबईत महापालिकेच्या शीव आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते. इतर गावच्या मैत्रिणींनी जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करावी. तिथे पैसे कमी, पण नंबर लागायला फार दिवस जातात. म्हणून दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करू नका. आठवी-नववीतच कामाला लागा.

खाजगीत जाणार असाल तर आधी दोन गोष्टी विचारा: भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि लेखी अहवालात शिफारशी देणार का. नुसता आकडा लिहिलेला अर्धा कागद हजारो रुपये मोजून घेण्यात काय अर्थ? आणि हो, बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा. शाळाशाळांतून यांचे स्टॉल लागतात. रंगीत पुस्तकासारखा अहवाल मिळतो, नाव ‘डीएमआयटी’. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे मनोविकारतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे. ते पैसे मुलाच्या शिकवणीला ठेवा.

शिकवणी म्हणजे नेहमीचा क्लास नव्हे. वर्गात जे समजले नाही तेच क्लासमध्ये आणखी मोठ्या आवाजात ऐकून काय होणार? याला उपचारात्मक शिक्षण म्हणतात. शिक्षिका पायापासून पुन्हा सुरुवात करतात: आवाज, मग अक्षर, मग काना-मात्रा, मग जोडाक्षर. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि असे महिनोन्‌महिने. महिनाभरात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. घरी तुम्हाला करता येण्यासारखे म्हणजे ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवायला लावणे, तोंडाने त्याचा आवाज काढत. रोज दहा मिनिटे पुरे. अर्धा तास केलेत तर तुम्ही चिडाल आणि रवा जमिनीवर जाईल. धड्याचे म्हणाल, तर तो तुम्ही वाचून दाखवा आणि त्याच्याकडून तोंडी उत्तरे घ्या. वाचता येत नाही म्हणून इतिहास-भूगोल का बुडावा?

चाचणीच्या दिवशी मुलाला पोटभर खायला घालून न्या. पोटात कावळे ओरडत असताना कुणाला आकडे उलटे म्हणता येतील? आदल्या रात्री तयारी करून घेऊ नका, मोबाइलवर प्रश्न शोधून पाठ करून घेणे तर मुळीच नको. मग निघेल तो निकाल तुमच्या पाठांतराचा. ‘नीट उत्तरं दिलीस तर सायकल’ असले आमिषही नको. ‘तुला काय सोपं जातं आणि काय अवघड जातं, ते त्या मावशी बघणार आहेत, म्हणजे बाईंना तुला कसं शिकवायचं ते कळेल,’ एवढेच सांगा. ते खरेही आहे. मुलाला दवाखान्याच्या पाटीवरचे सगळे नाव वाचता येत नसले तरी आईच्या चेहऱ्यावरचे बरोबर वाचता येते, तेव्हा रिक्षात बसल्यावर जरा हसा.

बरोबर रोजच्या कच्च्या वह्या न्या. आपण बायका मुलांची सुवाच्य, पुन्हा उतरवून घेतलेली वही न्यायला जातो, त्यात काही दिसत नाही. खाडाखोड केलेली, कोपरे दुमडलेली वहीच हवी. जन्माचा दाखला, डोळ्यांचे आणि कानांचे कागद, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, सगळे एका फाइलमध्ये लावा. अहवाल मिळाला की त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा; मूळ प्रत शाळेलाही देऊ नका, ती फाइलमध्येच राहू दे. वर्गशिक्षिकांना भेटायला जाताना शेवटचे, शिफारशींचे पान काढून त्यावर पेन्सिलीने खुणा करा, आणि पहिल्या भेटीत दोनच गोष्टी मागा: याला पुढच्या बाकावर बसवा, आणि सगळ्या वर्गासमोर उभे करून मोठ्याने वाचायला लावू नका. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात बाईंना एवढे तर जमतेच. बाकीचे हळूहळू मागता येईल.